मागची काच आणि दोन स्क्रू

‘डिस्प्ले शाबूत आहे, कॅमेरा चालतो, चार्जिंग होतं. फुटली आहे ती फक्त मागची काच. तरी ती बदलायला सर्व्हिस सेंटर नव्या फोनच्या निम्म्या किमतीच्या घरात पैसे मागतं, आणि स्टेशनबाहेरचा दुकानदार तेच काम दोन तासांत, त्याच्या कितीतरी कमी पैशांत करून देतो म्हणतो. हे कसं काय?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. खाली ताजा कलम: ‘आणि मुळात मागे काच लावलीच कशाला? तिथे बघायचंय काय?’

ताज्या कलमापासूनच सुरुवात करू.

फोन म्हणजे शेवटी रेडिओच, तोही एक नव्हे. टॉवरशी बोलणारा वेगळा, वायफायचा वेगळा, ब्लूटूथ, जीपीएस आणि एनएफसी आणखी वेगळे. धातूच्या बंद डबीतून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत. २०१४ च्या आयफोन ६ च्या ॲल्युमिनियमच्या पाठीवर वर-खाली पट्टे दिसायचे ते त्यामुळेच. अनेकांना ती नक्षी वाटली; प्रत्यक्षात त्या अँटेनासाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खिडक्या होत्या. पुढे बिनतारी चार्जिंग आलं आणि खिडक्यांनी भागेना. चार्जरच्या वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला लाखाहून जास्त वेळा उलटसुलट होतं. मध्ये धातूचा पत्रा असला की पत्र्यातच गोल गोल प्रवाह फिरू लागतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको यांनी १८५५ मध्ये दाखवलेले हे एडी करंट. बॅटरीसाठी निघालेली ऊर्जा मग पत्रा तापवण्यात खर्ची पडते. २०१७ मध्ये आयफोन ८ आणि आयफोन एक्स बिनतारी चार्जिंग घेऊन आले, तेव्हा धातूची पाठ गेली आणि काचेची आली.

इथवर विज्ञान झालं. इथून पुढे जाहिरात सुरू होते. कारण रेडिओलहरींना आणि चुंबकीय क्षेत्राला काच जशी चालते, तसंच प्लॅस्टिकही चालतं. २०१४ च्याच गॅलेक्सी एस ५ ची पाठ पॉलिकार्बोनेटची होती. नखाने उचकटली की झाकण हातात, बॅटरीही हातात. काच निवडली गेली ती हाताला गार, वजनदार आणि महाग लागते म्हणून. ते महागपण विकत घेऊन आपण त्यावर पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकचं कव्हर चढवतो, हा भाग वेगळा.

बरं, ही काच साधी नाही, अतिशय कणखर आहे, असं प्रत्येक नव्या फोनबरोबर सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते समजायला शंभर वर्षं मागे, इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात जावं लागेल. तिथल्या ए. ए. ग्रिफिथ या तरुण अभियंत्याला एक कोडं पडलं होतं. काचेतल्या अणूंचे बंध मोजले तर काच पोलादाला मागे टाकायला हवी. मग ती इतक्या सहज का फुटते? ग्रिफिथने काच वितळवून तिचे बारीक बारीक तंतू ओढले आणि तोडून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका तो प्रमाणाने जास्त ताण सोसत होता. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काडीच्या तुलनेत त्याचा सर्वांत बारीक तंतू जवळपास वीसपट ताकदीचा भरला. त्याने काढलेला निष्कर्ष १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला: काच दुबळी नसते, तिच्या पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा तिला दुबळी करतात. ताण आला की तो भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि टोक पुढे सरकतं. एका मर्यादेपलीकडे भेग स्वतःच धावत सुटते, काचेत सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने.

या महान कामाचं पुढे काय झालं? काच वितळवायची गॅसची शेगडी एका रात्री सहकाऱ्याकडून चालू राहिली, आग लागली, चौकशी झाली आणि वरिष्ठांनी हे वेळखाऊ उद्योग बंद करायला सांगितले, अशी हकिकत पदार्थशास्त्रज्ञ जे. ई. गॉर्डन यांनी लिहून ठेवली आहे. ग्रिफिथची रवानगी दुसऱ्या कामावर झाली. पुढे जेट इंजिनांच्या क्षेत्रात त्याने नाव कमावलं. भंगाचं आजचं सगळं शास्त्र मात्र त्याच्या त्या काचेच्या तंतूंवर उभं आहे.

भेगा टाळता येत नसतील, तर त्यांना उघडूच द्यायचं नाही, हा पुढचा विचार. याचं श्रेय हल्ली स्टीव्ह जॉब्झ आणि कॉर्निंग कंपनीला देऊन गोष्ट संपवतात: कॉर्निंगने साठच्या दशकात केमकॉर नावाची कणखर काच केली, गिऱ्हाईक न मिळाल्याने ती बासनात गेली, आणि पहिल्या आयफोनसाठी जॉब्झने ती बाहेर काढायला लावली. गोष्ट खरी आहे. पण तिच्यात सॅम्युअल किसलर यांचं नाव कुठेच नसतं, आणि मला ते खटकतं.

किसलर म्हणजे एरोजेलचा जनक. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कॉलेजात काम करताना त्यांनी जेलीतलं सगळं पाणी काढून, जेलीचा आकार आक्रसू न देता, तिथे हवा भरली. एका सहकाऱ्याशी लावलेल्या पैजेतून हे घडलं, अशी दंतकथाही आहे. ज्ञात घन पदार्थांत अत्यंत हलका असलेला हा पदार्थ पुढे नासाच्या स्टारडस्ट यानाने धूमकेतूची धूळ झेलायला वापरला. याच माणसाने १९६२ मध्ये अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या नियतकालिकात काचेविषयी एक निबंध लिहिला. सोडियम असलेली काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवली, की पृष्ठभागावरचे सोडियमचे आयन क्षारात जातात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे येतात. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठा. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आकलोक आणि तोशों यांनीही हीच गोष्ट मांडली.

मुंबईच्या लोकलमधलं तीन जणांचं बाक घ्या. त्यावर शाळेतली तीन पोरं ऐसपैस बसली आहेत. ती एकेक करून उठली आणि त्या जागी तीन धिप्पाड गडी बसले. बाक तेवढंच. आता खांद्याला खांदा असा दाबला जातो, की मध्ये रुमाल टाकायलासुद्धा फट उरत नाही. भेग म्हणजे दोन शेजाऱ्यांमधली फटच. सगळे एकमेकांना रेटत असताना ती पडायची, तर आधी त्या रेट्यावर मात करावी लागते. सुमारे चारशे अंश सेल्सियसच्या क्षारात काही तास भिजलेली फोनची काच पृष्ठभागावर अशी दाबलेली असते.

मग तरीही ती का फुटते? कारण हा दाबलेला थर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढाच खोल असतो आणि वरच्या दाबाचा तोल सांभाळायला आतला भाग ताणलेला असतो. फोन गुळगुळीत फरशीवर सपाट पडला तर बहुधा वाचतो. डांबरी रस्त्यावरच्या खडीचं एक टोक थर भेदून ताणलेल्या भागापर्यंत पोचलं, की ग्रिफिथची भेग सुटलीच म्हणून समजा. काचेची जाळी होते, पण तुकडे गळत नाहीत, कारण मागून रंगाच्या आणि गमच्या थराने ते धरलेले असतात.

आणि खर्चाचं मूळ याच गममध्ये आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मागची काच म्हणजे झाकण असतं, फक्त कडेने चिकटवलेलं. कारागीर ते तापवतो, सक्शन कप लावून उचलतो, पातळ पिक कडेने फिरवतो, नवी पट्टी आणि नवी काच बसवतो. (बॅटरी त्या उष्णतेला अगदी जवळ असते, घरी हेअर ड्रायर घेऊन बसू नका.) आयफोन ८ पासून १३ पर्यंत मात्र फोन उघडतो पुढून, आणि मागची काच धातूच्या सांगाड्यावर पूर्ण पसरट चिकटवलेली. वर कॅमेऱ्याच्या कड्या काचेच्या बाहेरून सांगाड्याला वेल्ड केलेल्या. काच सुटी करायची सोयच नाही. बदलायचं तर अख्खं धड. ९९९ डॉलरच्या आयफोन एक्सला विमा नसताना या दुरुस्तीचा अधिकृत दर ५४९ डॉलर होता.

स्टेशनबाहेरच्या दुकानदाराकडे यावर तोड आहे: लेझर मशीन. धातूवर नावं-नंबर कोरणाऱ्या यंत्राचीच ही भावंडं. त्यांचा अवरक्त किरण काचेतून आरपार जातो आणि मागचा रंग व गम जाळतो. मग काच पात्याने खरवडून काढायची. वेल्ड केलेल्या कड्यांना हात न लावता बसावी म्हणून नव्या काचेला कॅमेऱ्याची भोकं मोठी ठेवलेली असतात; बाजारात तिला ‘बिग होल’ म्हणतात. मोठी हुशारीची युक्ती आहे. पण किरण कॅमेऱ्याच्या भिंगावर किंवा चार्जिंगच्या वेटोळ्यावर गेला तर नुकसान होतं. म्हणून काम झाल्यावर दुकानातच कॅमेरा, फ्लॅश आणि बिनतारी चार्जिंग तपासून घ्यावं, आणि फोन पुन्हा पाण्याजवळ नेऊ नये. काचेची धूळ आणि जळक्या गमचा धूर रोज नाकात घेणाऱ्या त्या कारागिराचा विचार कुठल्याच दरपत्रकात नसतो.

हे सगळं अटळ होतं का? याचं उत्तर खुद्द ॲपलनेच २०२२ मध्ये दिलं. आयफोन १४ मध्ये मधोमध एक चौकट घातली. पुढून डिस्प्ले, मागून काच, दोन्ही स्वतंत्र. मागची काच सोडवायला दोन स्क्रू आणि एक कनेक्टर. तिचा अमेरिकेतला दर १६९ डॉलर ठेवला. त्याच दिवशी जाहीर झालेल्या १४ प्रोची रचना जुनीच होती; त्याचा दर ४९९ डॉलर. म्हणजे दरांतला हा फरक काचेच्या विज्ञानाचा नाही, फोनच्या आराखड्याचा आहे. अर्थात स्क्रूनेही सगळं सुटत नाही. सुटे भाग सॉफ्टवेअरने फोनशी जोडण्याच्या सक्तीमुळे फोन उघडून दुरुस्तीच्या सोपेपणाला गुण देणाऱ्या आयफिक्सिट कंपनीने याच आयफोन १४ चे दुरुस्तीचे गुण २०२३ मध्ये सातवरून चारवर आणले.

२० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या फोनच्या लेबलवर दोन श्रेणी छापाव्या लागतात: पडल्यावर किती टिकतो आणि दुरुस्त करायला किती सोपा आहे. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने अशा दुरुस्ती-निर्देशांकासाठी समिती नेमली होती. असं लेबल आपल्या दुकानांत येईपर्यंत, नवा फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारून झाले, की मागची काच सुटी बदलता येते का आणि तिचा अधिकृत दर काय, हेही विचारा. काच फुटेल तेव्हा फुटेल. ती बदलण्याचा खर्च फोन विकत घेतानाच ठरलेला असतो.