मेंदूतील डोपामाइन-ग्राही आणि गाणगापूरची वाट

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ वसलेले गाणगापूर हे नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचे स्थान असून, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या सीमाभागातून आणि महाराष्ट्रातूनही ‘बाहेरची बाधा’ झाल्याचे मानले गेलेले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या तेथे आणले जातात. दुपारच्या आरतीच्या वेळी त्यांतील काही जण घुमतात, ओरडतात, देवळाचे खांब कवटाळून वर चढतात. त्यांना तेथे आणणारी श्रद्धा खरी आहे आणि घरच्यांनी सोसलेले हालही खरे आहेत. तथापि त्यांतल्या काहींचा आजार मेंदूतील डोपामाइन या रसायनाच्या कारभाराशी निगडित असतो, आणि त्यावर औषध आहे, ही गोष्ट या भागातील प्रत्येक घराला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांच्या मार्फत, आणि डोपामाइन हे त्यांपैकी एक होय. एका पेशीतून सुटलेले डोपामाइन दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते, तेव्हाच तो निरोप पोचतो; या प्रथिनाला ‘ग्राही’ म्हणतात. डोपामाइनचे ग्राही एकाच जातीचे नाहीत, हे १९७९ साली मांडले गेले, आणि १९९१ पर्यंत डी-१ ते डी-५ असे त्यांचे पाच प्रकार निश्चित झाले. डी-१ आणि डी-५ पेशीतील रासायनिक हालचाल वाढवतात, तर डी-२, डी-३ व डी-४ ती कमी करतात. आजारांच्या दृष्टीने यांत सर्वांत महत्त्वाचा डी-२.

भोवतालच्या असंख्य गोष्टींपैकी कोणती दखल घेण्याजोगी आहे, हे ठरवण्यात डोपामाइनचा वाटा असतो. स्किझोफ्रेनिया या आजारात त्याचे स्रवण मेंदूच्या काही भागांत बेसुमार वाढते, आणि मग शेजाऱ्याचे खाकरणे, बसमधील अनोळखी प्रवाशाची नजर, रेडिओवरचे एखादे वाक्य, सारे काही आपल्यालाच उद्देशून आहे असे रुग्णाला वाटू लागते. त्यातून संशय, भ्रम आणि कानात बोलणारे आवाज उभे राहतात. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध अशा रुग्णांवर गुणकारी ठरले खरे, पण ते का गुणकारी ठरते याचा नीट उलगडा १९७५-७६ च्या सुमारास झाला, जेव्हा या वर्गातील औषधांची ताकद ती डी-२ ग्राहीला किती घट्ट चिकटतात त्या प्रमाणात असते असे दिसून आले. पंगतीत पाट अडवून बसणाऱ्याने स्वतः जेवू नये आणि दुसऱ्यालाही बसू देऊ नये, तसे हे औषध ग्राहीवर बसते; निरोप देत नाही आणि डोपामाइनला देऊही देत नाही.

परंतु किती पाट अडवायचे, हा खरा प्रश्न आहे. जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्रण करून संशोधकांनी दाखवले की बहुतेक औषधांच्या बाबतीत सुमारे ६५ टक्के डी-२ ग्राही व्यापले गेले की भ्रम ओसरू लागतात, आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेले की अंग ताठरणे, हात थरथरणे, चाल मंदावणे सुरू होते. दोहोंमधील ही पट्टी अरुंद आहे. शिवाय हेच ग्राही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतही असल्यामुळे काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि स्त्रियांची पाळी थांबते. ज्या घरात पाळीविषयी उघड बोलले जात नाही तेथे सून हे कोणालाच सांगत नाही, गोळ्या गुपचूप बंद करते, आणि काही महिन्यांत आजार उलटला की औषध निष्फळ ठरल्याचा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात मात्रा किंवा औषध बदलून हा त्रास दूर करता आला असता.

याच ग्राहीमुळे होणारा आणखी एक प्रकार विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड हे औषधही डी-२ ग्राही अडवते, आणि क्वचित, विशेषतः मुलांत व तरुणांत, एका-दोन दिवसांच्या आत मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळला जातो. पाहणाऱ्याला ही बाधाच वाटावी असे ते दृश्य असते, पण प्रोमेथाझिनसारखे इंजेक्शन दिल्यावर बहुधा थोड्याच वेळात मूल पूर्ववत होते.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारात, स्किझोफ्रेनियाच्या उलट घडते: डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि ग्राही निरोपाविना राहतात. त्यावरील उपचाराच्या इतिहासात भारतीय वनस्पतींना मानाचे स्थान आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला, १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले गेले, आणि १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनते ते द्रव्य, देऊन पुन्हा हिंडतेफिरते केले. या संशोधनाबद्दल त्यांना २००० साली नोबेल मिळाले. हेच एल-डोपा खाजकुइलीच्या बियांत असल्याचे मद्रासमध्ये १९३७ सालीच दिसून आले होते. अर्थात बियांतील प्रमाण कमीजास्त असल्याने ते घरगुती औषध म्हणून घेणे धोक्याचे आहे, कारण डोपामाइन अति झाले की कंपवाताच्या रुग्णालाही भास होतात.

गाणगापुरात घुमणारी प्रत्येक व्यक्ती स्किझोफ्रेनियाची रुग्ण नसते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. कित्येकींच्या अंगात येण्यामागे सासरचा जाच किंवा दडपलेले दुःख असते, आणि तेथे डी-२ ग्राही अडवून काही साधत नाही. हा फरक तपासणीवाचून कळत नाही, आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. याच विभागातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ पासून बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील साध्या डॉक्टरांना शिकवून, मोजक्या स्वस्त औषधांवर गंभीर मनोरुग्णांना गावातच उपचार देता येतात हे सिद्ध केले, आणि त्याच धर्तीवर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कल्याण कर्नाटकाने देशाला दिलेली ही देणगी आहे, आणि तिची आठवण या भागातच कमी असावी हे खेदाचे आहे.

ज्या घरात रात्र-रात्र जागणारा, एकटाच बोलणारा, जेवणात विष असल्याचा संशय घेणारा माणूस आहे, त्या घराने पादुकांच्या दर्शनाला अवश्य जावे, पण बीदर किंवा कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला आधी दाखवावे, आणि औषधाची गोळी यात्रेतही चुकवू नये. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने निषिद्ध आहे. सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असून, त्यावर कन्नडप्रमाणेच मराठीतही बोलता येते.