बातमी आता कोणाच्या हाती?

परमपूज्य डॉ. बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता, हे आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून ते पत्र उभे राहिले. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' निघाले. मजकुराची वाण कधीच नव्हती. वाण होती ती कागदाची, छापखान्याची आणि टपालखर्चाची.

मोठ्या दैनिकांत खेड्यातली बातमी कशी पोहोचते, हे विद्यार्थी मित्रांनी समजून घ्यावे. तालुक्याचा वार्ताहर बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करतो. पुष्कळदा अंकांची एजन्सीही त्याच्याकडेच असते आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात. जाहिरात देणार गावातला वजनदार माणूस. त्याच्याविरुद्धची बातमी असली की वार्ताहराचा हात अडखळतो. राहिलेली बातमी तो पोलीस ठाण्यातून घेतो, म्हणजे ठाणे सांगेल तेवढीच.

याचे जळजळीत उदाहरण खैरलांजीचे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भैयालाल भोतमांगे यांच्या कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २ ऑक्टोबरला विजयादशमी होती, धम्मदीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. वर्ध्याहून, हिंगणघाटाहून, पुलगावहून दरवर्षीप्रमाणे माणसे दीक्षाभूमीवर गेली. नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर काय घडले, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नव्हते. वृत्तपत्रांत सुरुवातीस आले ते कोपऱ्यात आणि अनैतिक संबंधाचा प्रकार म्हणून.

मग गावात जाऊन माहिती काढली ती कार्यकर्त्यांनी. त्यांचे सत्यशोधन अहवाल आणि छायाचित्रे ई-मेलने फिरली, ब्लॉगवर चढली, मोबाईलच्या एसएमएसने वस्तीवस्तीत गेली. इंटरनेट सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले असले, तरी २००६ साली ते खेड्यात नव्हतेच. शहरातल्या सायबर कॅफेत कोणी तरी मजकूर उतरवून घ्यायचा, झेरॉक्स काढायच्या आणि त्या विहारात वाटायच्या, असा तो प्रवास. महिनाभराने, नोव्हेंबरात विदर्भ रस्त्यावर आला, तेव्हा मोठी वृत्तपत्रे जागी झाली. तपास सीबीआयकडे गेला. २००८ साली भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली; २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. बातमी पोहोचली म्हणजे न्याय मिळालाच, असे नाही.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश मोबाईलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. मेलेले पाचही जण भटक्या समाजाचे गरीब लोक होते, हे आपण विसरू नये. खैरलांजीची बातमी आपल्यापर्यंत आणणारे साधन हेच, फक्त तिथे पाठवण्याआधी कोणी तरी गावात जाऊन विचारले होते.

म्हणून आमचे सांगणे विद्यार्थ्यांना आहे. गावात काही घडले की तारीख, वेळ, ठिकाण आणि स्वतः पाहणारा कोण, हे आधी वहीत लिहावे. (आमच्या संस्थेतही याची टंगळमंगळ होते, कबूल करतो.) चित्रफीत ज्या मोबाईलवर काढली त्यातच मूळ स्वरूपात जपावी, न्यायालय पुढे आलेल्या प्रतीवर सहज विश्वास ठेवत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव वा छायाचित्र पसरवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आणि सरकारी कागद हवा असेल तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते. अर्जाची पोच मात्र हातोहात घ्यावी.