दर आठवड्याला गाठता येईल असा माणूस

महिना-दोन महिने झोप धड लागत नाही, घरातलं प्रत्येक बोलणं भांडणावरच संपतं, तरी आपण म्हणतो, ‘होईल नीट.’ नाही झालं तर शिकलेल्या माणसाची मदत घ्यावी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात राहून ती कशी घ्यायची, ते क्रमाने पाहू.

आधी कोण काय करतं ते समजून घेऊ. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर; गरज असेल तर ते औषध देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने, संवादातून उपचार करणारे, औषध देत नाहीत; त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कोणीही लावताना दिसतो. शिक्षण आणि नोंदणी बेलाशक विचारावी. एवढ्यावर चिडणारा माणूस आपल्या कामाचा नाही.

कुठून सुरुवात करावी हेच उमगत नसेल तर १४४१६ लावावा. ही टेलिमानस, २०२२मध्ये सुरू झालेली सरकारी सेवा. मोफत, चोवीस तास, मराठीतही. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर भेटीच्या वेळेची वाट पाहू नये, लगेच फोन करावा.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१पासूनचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ या थट्टेने पिढ्यानपिढ्या लोक बिचकले. पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्थाही ठाण्यातच आहे.

तरीही मी म्हणेन, नावापेक्षा अंतर पाहावं. संवादातून होणाऱ्या उपचाराचं एक सत्र साधारण पाऊण ते एक तासाचं, बहुधा आठवड्यातून एकदा. मुंबईहून लोकलमध्ये उभ्याने आलेला माणूस पुन्हा उलटी गाडी पकडून किती आठवडे जाईल? त्यापेक्षा स्टेशनहून रिक्षाने गाठता येईल असा तज्ज्ञ बरा.

ऑनलाइन सत्राची अडचण वेगळी. वन-बीएचकेत भिंतीपलीकडे सासूबाई टीव्ही पाहत असतात आणि आपण ‘हो’, ‘नाही’, ‘तसंच काहीसं’ एवढंच बोलतो. गच्ची किंवा मैत्रिणीचं घर आधी ठरवून ठेवावं.

भेट ठरवताना फोनवर फी, वार आणि भाषा विचारावी. रडताना आपल्या तोंडी जी भाषा येते, तीच सत्रात असावी; उल्हासनगरच्या सिंधी घरांनाही हेच लागू.

पहिल्या भेटीत प्रश्नच जास्त असतात. ‘चूक कोणाची ते सांगा’ म्हणून गेलेलं जोडपं निराश होऊन परततं, कारण तिथे निवाडा मिळत नाही. आपलं बोलणं गुप्त राहण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद असतो. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने जावं, त्याचाही उपयोग होतो. मारहाण होत असेल तर मात्र जोडीने बसण्याचा आग्रह धरू नये. आधी महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांचा ११२.

बरेच जण दोन-तीन सत्रांत थांबतात. कुणाला लगेच हलकं वाटतं, कुणाला जुनं उकरल्याने जास्त त्रास होतो. दोन्ही गोष्टी गप्प राहून सोडून देण्याऐवजी तज्ज्ञालाच सांगाव्यात. चालू असलेलं औषध मनाने बंद करू नये. सूर जुळतच नसतील तर तज्ज्ञ बदलण्यात गैर नाही. आधीच्या उपचारांचा सारांश लिहून घ्यावा, म्हणजे नव्या ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.