डिस्क गोल्फ मैदानांचे काठिण्यमापन

डिस्क गोल्फ या खेळाचे एखादे मैदान कितपत अवघड आहे, हे अंकांत व्यक्त करण्याच्या पद्धतींना काठिण्यमापन म्हणतात. या खेळात चेंडू व काठी यांऐवजी प्लॅस्टिकची, सु. २१ सेंमी. व्यासाची तबकडी हाताने फेकली जाते. गोल्फमधील खळग्याच्या जागी खांबाला टांगलेल्या साखळ्या व त्यांखालील टोपली हे लक्ष्य असते. आरंभस्थानापासून टोपलीपर्यंतचा भाग म्हणजे एक टप्पा. बहुधा १८ टप्प्यांची एक फेरी होते व ती कमीत कमी फेकींत पुरी करणारा खेळाडू विजयी ठरतो [→ गोल्फ]. अ. सं. सं.मधील कॅलिफोर्निया राज्यात पॅसाडीनाजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ मध्ये आखलेले मैदान हे या खेळाचे पहिले कायम मैदान मानले जाते. ते आखणारे एड हेड्रिक (१९२४–२००२) यांनी १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संस्था स्थापन केली. साखळ्यांच्या टोपलीचे एकस्वही त्यांनाच १९७७ मध्ये मिळाले.

गोल्फचे मैदान पुष्कळसे घडवावे लागते. डिस्क गोल्फची बहुसंख्य मैदाने मात्र सार्वजनिक उद्यानांत, तेथील झाडे, ओढे व चढउतार कायम ठेवून आखलेली असतात; म्हणून त्यांच्यात कमालीची विविधता आढळते. एका मैदानावरील ५५ फेकी आणि दुसऱ्या मैदानावरील ५५ फेकी यांची नुसती तुलना केल्यास त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. लांबीवरूनही अंदाज चुकतो. मोकळ्या हिरवळीवरील ७५ मी.चा टप्पा सराईत खेळाडूच्या एका फेकीच्या आवाक्यातला असतो. तेवढाच टप्पा दाट झाडीतील अरुंद वाटेने जात असेल, तर पहिल्याच बुंध्यावर आपटून तबकडी अर्ध्या वाटेतही पोहोचत नाही. प्रत्येक टप्प्याला अपेक्षित फेकींची ‘पार’ नावाची संख्या दिलेली असते. परंतु ती पूर्णांक असल्याने सोपा तीन-पार व अवघड तीन-पार यांतील भेद तिच्यात बुजून जातो. मैदानाच्या चालकांनी ती आपल्या सोयीने सढळपणे ठरविल्याची उदाहरणेही विरळ नाहीत.

या अडचणीवर वरील संस्थेने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जो उपाय अंगीकारला, त्यात जमिनीचे मोजमाप मुळीच केले जात नाही. ज्यांचा दर्जा आधीच ज्ञात आहे अशा खेळाडूंच्या फेकींवरून मैदानाचे काठिण्य काढले जाते. अव्वल दर्जाच्या प्रमाणभूत खेळाडूचा गुणांक १,००० मानतात. असा खेळाडू एखादी फेरी सरासरीने जितक्या फेकींत पुरी करील, तितके त्या फेरीचे काठिण्य होय. फेरी ५० फेकींच्या आसपासची असल्यास एक फेक म्हणजे स्थूलमानाने १० गुण धरले जातात. त्याहून लहान मैदानावर एका फेकीचे मोल अधिक, तर लांब मैदानावर कमी असते. समजा, सरासरी ९५० गुणांकाच्या खेळाडूंच्या गटाला एका फेरीत सरासरी ५७ फेकी लागल्या. ५० गुणांचे अंतर म्हणजे ५ फेकी. म्हणून १,००० गुणांकाच्या खेळाडूला तेथे ५२ फेकी लागल्या असत्या. त्याच फेरीत ५४ फेकी घेणाऱ्याला ९८० गुण मिळतील. हे गणित त्या त्या दिवशीच्या फेरीपुरते केले जात असल्यामुळे सोसाट्याच्या वाऱ्यात खेळलेल्या फेरीचे काठिण्य आपोआप वाढते व खेळाडूवर अन्याय होत नाही.

गोल्फची परंपरा याच्या उलट आहे. तेथे प्रशिक्षित पाहणीदार मैदानावर जाऊन परिणामी लांबी, उतार, वाळूचे खड्डे, पाणी, झाडे इ. बाबींची नोंद करतात आणि खेळ होण्यापूर्वीच मैदानाला अंक देतात. मात्र तेथे अंक दोन असतात, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य होय. एक अंक निष्णात, म्हणजे ‘स्क्रॅच’ खेळाडूसाठी आणि दुसरा सामान्य, म्हणजे ‘बोगी’ खेळाडूसाठी. या दोहोंतील फरकाला पुरुषांच्या बाबतीत ५·३८१ने गुणून ‘स्लोप’ नावाचा निर्देशांक मिळतो. तो ५५ ते १५५ या मर्यादेत असतो व त्याचे प्रमाण मूल्य ११३ धरले आहे. दोन मैदानांवर स्क्रॅच खेळाडूचा अंक ७२ च आहे, परंतु बोगी खेळाडूचा पहिल्यावर ९३ व दुसऱ्यावर ९८ आहे अशी कल्पना केली, तर स्लोप अनुक्रमे ११३ व १४० येतो. निष्णाताच्या दृष्टीने सारखी असलेली ही मैदाने सामान्य खेळाडूच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत. २०२० पासून अमलात आलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत स्लोप कायम ठेवण्यात आला. त्याचबरोबर त्या दिवसाच्या हवामानासाठी प्रत्यक्ष धावसंख्येवरून उणे १ ते अधिक ३ पर्यंत दुरुस्ती करण्याची सोयही झाली. जमिनीपासून निघालेल्या पद्धतीला अखेर खेळाडूंच्या फेकींकडे वळावेच लागले. डिस्क गोल्फच्या पद्धतीत मात्र मैदानागणिक स्वतंत्र स्लोप नाही. लांब पण मोकळे मैदान आणि आखूड पण झाडीचे मैदान यांचे काठिण्य अंकाने सारखे निघाले, तरी दुबळ्या हाताच्या खेळाडूला पहिले व नेम नसलेल्याला दुसरे जड जाते. एकेरी अंकातून हे कळत नाही.

खेळाडूंचे अभिप्राय : मैदानाच्या गुणवत्तेविषयी खेळाडूंकडून घेतल्या जाणाऱ्या गुणदानात हीच त्रुटी अधिक ठळकपणे दिसते. अभिप्राय देणारा मैदानाबरोबर स्वतःचे कौशल्यही नकळत मोजत असतो. तरबेज खेळाडूला आखूड मैदान कंटाळवाणे वाटते, तर नवशिक्याला लांब मैदान जुलमी वाटते. दोघेही प्रामाणिकच असतात. अभिप्राय देण्याची हौस मुरलेल्या खेळाडूंनाच अधिक असल्याने सरासरी त्यांच्या बाजूला झुकते व मुलांसाठी अथवा वृद्धांसाठी विचारपूर्वक आखलेली मैदाने यादीच्या तळाशी जातात. उद्यानाचे चालक अशा याद्यांवर विसंबून टप्पे लांबवू लागल्यास ज्यांच्यासाठी ते मैदान होते, त्यांनाच ते दुरावते.

यावरील पहिला उपाय म्हणजे ‘किती अवघड’ आणि ‘किती चांगले’ हे प्रश्न अलग विचारणे व उत्तरासोबत खेळाडूचा गुणांक नोंदवून प्रत्येक दर्जाच्या गटाची सरासरी वेगळी देणे. दुसरे असे, की काही जण सर्वांनाच सढळ हाताने गुण देतात व काही हात आखडून देतात. म्हणून प्रत्येकाचे गुण त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून पाहावे लागतात. अभिप्रायांची संख्या थोडी असल्यास सांख्यिकीतील एक साधी युक्ती उपयोगी पडते : सर्व मैदानांच्या सरासरीइतके गुण देणारे काही कल्पित अभिप्राय प्रत्येक मैदानाच्या खात्यात आधीच मांडावयाचे. सर्वसाधारण सरासरी ५ पैकी ३·५ असून असे १० अभिप्राय मांडले, तर तिघा मित्रांनी पूर्ण ५ गुण दिलेल्या मैदानाची सरासरी ३·८५ वर येते. दोनशे जणांनी मिळून ४·४ गुण दिलेल्या मैदानाची मात्र ४·३६, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकीच राहते.

कित्येक मैदानांवर एकाच टोपलीसाठी दोन किंवा अधिक आरंभस्थाने असतात व सोनेरी, निळा, पांढरा, लाल अशा रंगांनी ती उतरत्या दर्जाच्या खेळाडूंना नेमून दिलेली असतात. अशा ठिकाणी काठिण्याचा अंक आणि अभिप्राय ही दोन्ही प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र नोंदवावी लागतात. सोनेरी स्थानावरून खेळलेल्याचे मत लाल स्थानाच्या खात्यात घातल्यास वरील सर्व दुरुस्त्या निरुपयोगी ठरतात.