इंजिन ऑइल घेताना नाव नव्हे, आकडे वाचा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा पेठा फिरणाऱ्या व्यापाऱ्याची मोटार म्हणजे त्याचे चालते दुकान. वसुली, नमुने, ऑर्डरी, सारे तिच्यावर. तिचे इंजिन बसले तर हंगामाचा नफा गॅरेजात जातो. म्हणून ऑइल साधे घ्यावे की सिंथेटिक, हे हिशेबाने ठरवावे.

व्यापारी बांधवांनी ‘सिंथेटिक’ या शब्दाला भुलू नये. रासायनिक रीतीने घडवलेले तेल या नावाने विकतात, तसेच खनिज तेलावर भारी प्रक्रिया करून काढलेलेही. दोन्ही उत्तम असू शकतात; पण नाव म्हणजे प्रत नव्हे.

डब्यावर ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीत तेल कसे वाहते ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला त्याचा जाडपणा. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते. तेलाचे उलटे, आकडा वाढला की तेल जाड. मात्र जाड तेल म्हणजे मजबूत तेल, हा समज चुकीचा आहे. नव्या इंजिनाच्या अरुंद वाटांत ते उशिरा पोहोचते आणि इंधनही जास्त खाते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडाच घ्यावा.

त्यानंतर एपीआयची प्रत पाहावी. ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या ज्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्यांना कमी राखेचे तेल लागते. भलतेच तेल घातल्यास फिल्टर तुंबतो.

जादा पैसे कुठे वसूल होतात? टर्बो इंजिन, उन्हातला लांबचा प्रवास, गर्दीतली रखडपट्टी, इथे सिंथेटिक उष्णता चांगली सोसते. जुन्या साध्या इंजिनाला पुस्तिका खनिज तेल चालते म्हणत असेल, तर ते वेळेवर बदलणे पुरेसे आहे. महाग तेल घातले म्हणून मुदत ओलांडू नये. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तेव्हा बदलावे.

खरेदी ओळखीच्या दुकानातून, सील पाहून आणि पक्क्या बिलावर करावी. वॉरंटीचा वाद निघाला तर बिलच कामी येते. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात नकली माल भरला जाणार नाही.