अखेरची शुश्रूषा

‘आता आमच्या हाती काही उरले नाही, घरी घेऊन जा,’ हे शब्द ऐकण्याची पाळी पुष्कळ कुटुंबांवर येते. रोग बरा होणार नाही हे खरे असेल. परंतु करण्यासारखे काहीच उरले नाही, हे मात्र आम्हांस मान्य नाही. वेदना शमविता येते, जखम धुता येते, कोरडे पडलेले ओठ ओले करता येतात. या कामाचे आता शास्त्र झाले असून त्यास ‘हॉस्पिस’ शुश्रूषा म्हणतात. पूर्वी युरोपात यात्रेकरूंच्या धर्मशाळांना हे नाव असे.

आधुनिक हॉस्पिसचा पाया सिसिली सॉण्डर्स (१९१८–२००५) या इंग्रज विदुषीने घातला. त्या प्रथम परिचारिका होत्या. १९४८ साली एका मरणोन्मुख पोलिश निर्वासिताने त्यांच्या भावी शुश्रूषागृहातील एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेविले. पुढे १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनमध्ये ‘सेंट ख्रिस्टोफर्स’ हे गृह उघडले.

त्यांच्या शिकवणुकीत दोन गोष्टी मुख्य होत. पहिली अशी की, वेदना उसळण्याची वाट न पाहता औषध ठरल्या वेळी द्यावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य प्रमाणात मॉर्फिन दिले, तर रोग्याची तळमळ थांबते आणि तो घरच्यांशी चार शब्द बोलू शकतो. दुसरी अशी की, वेदना केवळ शरीराची नसते. मुलाबाळांची चिंता, एकाकीपणा, मृत्यूचे भय ही सारी तीत मिसळलेली असतात. म्हणून येथे डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक व घरची माणसे मिळून काम करितात.

आपल्या देशात १९८६ साली मुंबईस वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ निघाले. पुढे गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा झाली. केरळात कालिकत येथे १९९३ पासून सुरू झालेल्या कार्याने ही शुश्रूषा स्वयंसेवकांच्या साह्याने रोग्याच्या घरापर्यंत नेली. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती अडचण काहीशी सैल झाली.

विद्यार्थिमित्रहो, औषध देणे हे तुमचे काम नव्हे. पण घरात कोणी असे अंथरुणास खिळले असेल, तर त्या खोलीकडे पाठ फिरवू नका. जवळ बसा, वर्तमानपत्र वाचून दाखवा, बोलावेसे वाटेल ते त्यांना बोलू द्या. शुश्रूषेचा एवढा वाटा तुम्हांसही उचलता येईल.