भंगारात दिलेलं इंजिन

आमच्या घरची पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. सकाळी अब्बांनी इंजिन सुरू केलं की निम्म्या गावाला कळायचं. धुराच्या नळीवर त्यांनी पत्र्याची टोपी बसवली होती. तिच्यामुळं 'पुक् पुक् पुक्' असा आवाज पार शिवारापर्यंत जाई, आणि तो ऐकून बायका दळणाचे डबे उचलत. १९८८ मध्ये आम्ही ते इंजिन भंगारवाल्याला वजनावर विकलं. विकावं हा आग्रह माझा होता. मी तेव्हा बी.ए.ला होतो आणि माझ्या शर्टाला डिझेलचा वास येई, एवढंच कारण.

इंजिन लिस्टर धाटणीचं. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीनं या जातीचं इंजिन १९२९ मध्ये बाजारात आणलं. पुढं राजकोटच्या कारखान्यांनी तशाच बनावटीची इंजिनं काढली. आमचं राजकोटचंच. एक सिलिंडर, सहा अश्वशक्ती, दोन्ही बाजूंना बिडाची दोन जड चाकं.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. मग आत जाळ होतो कसा? सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं, ते आठवा. हवा दाबली की तापते. इंजिनातला दट्ट्या हवा पंधरा-वीस पट दाबतो, तेव्हा ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं हे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अशा जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. अब्बांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग भजी कशात तळायची?"

आता अडचण अशी की एवढी हवा थांबलेल्या इंजिनात माणसाच्या हातानं दाबली जात नाही. म्हणून वर एक छोटा खटका असतो. तो उचलून ठेवला की झडप उघडी राहते, हवा दाबली न जाता निसटते आणि हँडल हलकं फिरतं. जड चाकांनी वेग घेतला की खटका पाडायचा. चाकांत साठलेला जोरच पहिला दाब पार करून देतो. वेग कमी असताना खटका पडला तर मात्र हँडल उलटं फेकलं जातं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विळखा घालायचा नाही, हे अब्बा प्रत्येकाला बजावत. त्यांचं स्वतःचं उजवं मनगट एकदा मोडलं होतं.

हे इंजिन मिनिटाला साडेसहाशेच फेरे घेई. दोन फेऱ्यांत एकदा स्फोट, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच ठोके. मधल्या वेळात चाकं आपल्या वजनावर काम ओढत. वेग कमी म्हणून झीज कमी, आणि प्रत्येक भाग गावातल्या माणसाला पान्यानं उघडता येई. थंड करायला पंपही नव्हता. शेजारी पाण्याचं पिंप असे. तापलेलं पाणी हलकं होऊन वर पिंपात जाई, गार पाणी खालून इंजिनात येई. थंडीत आम्ही त्याच पाण्यानं आंघोळ करत असू.

दोषही होते. धूर, तेलाचा चिकटा, कानाला दडे. विजेची मोटर आली ती बरंच झालं, हे मी आजही म्हणेन. चूक मोटर आणण्यात नव्हती, इंजिन ठेवलं नाही यात होती.

२००५ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन कडक झालं. आमच्या भागात कित्येक तास वीज नसे. गिरणीपुढं डब्यांची रांग लागे, आणि अब्बा पट्ट्याशेजारी स्टुलावर नुसते बसून असत. एक म्हातारी दोन कोस चालून येई. ती म्हणाली, "चाचा, तुमचं पुकपुक कुठं गेलं?" अब्बांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग आम्ही मिनिटाला दीड हजार फेऱ्यांचं एक हलकं इंजिन घेतलं. ते चाललं, पण दुरुस्तीला दर वेळी तालुक्याला न्यावं लागे.

मी राजकोटी इंजिन पुष्कळ शोधलं. एका गुऱ्हाळावर मिळालं, पण मालक विकायला तयार होईना. ज्या भंगारवाल्याला आमचं दिलं होतं, त्यानं चाकं घणानं फोडूनच गाडीत भरली होती. ते मी दारात उभा राहून पाहिलं होतं.

हँडल मात्र त्यानं नेलं नाही. अब्बा ते काट्यावर टाकायला विसरले, असं मला तेव्हा वाटलं होतं. ते गिरणीच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेलं असे, आणि अब्बा दर आठवड्याला त्याला तेलाचं बोट लावत.